टूथपेस्ट, तंतुकणिका आणि २० मिनिटं

आधीच कबूल करते. माझं शिक्षण बालवाडीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं आहे. तिथे मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं पॉवरहाऊस, एवढं एक वाक्य आम्ही इंग्रजीतून इतक्या वेळा घोकलं की पुढे काही विचारायचंच राहून गेलं. त्याला मराठीत तंतुकणिका म्हणतात हे मला माझ्या मामेभावाच्या बोर्डाच्या पुस्तकातून कळलं, तेही या वर्षी. शुद्धलेखनाच्या चुका आमच्या मराठी विभागाच्या संपादिकेने काढल्या आहेत. विज्ञानाच्या चुका निघाल्या तर त्या माझ्या.

मेकॅनिकलच्या थर्ड इयरच्या मुलीने बायॉलॉजीवर का लिहावं? तर झालं असं…

जानेवारीतली सकाळ, साडेसहाची वेळ. माझ्या रूममेटने बादलीत रॉड लावला होता. तिने बटण बंद केलं, प्लग काढला, मग रॉड बाहेर काढला, सगळं अगदी नियमाप्रमाणे. बादली उचलून बाथरूमकडे निघाली आणि उंबऱ्याला ठेच लागली. अर्धी बादली उजव्या पावलावर. पायात घरून आणलेले लोकरीचे मोजे.

मी काय केलं? टूथपेस्ट शोधली! ती सापडायला तीन-चार मिनिटं गेली. तोपर्यंत मोजा पायातच होता. मग मी तो ओढून काढला, त्याबरोबर फोडाची कातडीही आली. त्यावर मी अर्धी ट्यूब फासली. मेसच्या मावशी धावत आल्या, त्यांनी वरून हळद दाबली. सगळ्यांनी मनापासून मदत केली. पाण्याचा नळ मात्र तीन पावलांवर होता आणि तो कोणी उघडला नाही.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी ती टूथपेस्ट आणि हळद आधी धुऊन काढली. ते धुणं भाजण्यापेक्षा जास्त दुखलं, असं ती अजून सांगते. मग त्यांनी मला विचारलं, "पाय पाण्याखाली किती वेळ धरला होता?" मी म्हटलं, "धरला नाही सर." ते काही बोलले नाहीत. नुसतं कागदावर लिहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

पायाचा बराच भाग दोन-अडीच आठवड्यांत भरून आला. पण पावलाच्या वरच्या बाजूला अर्ध्या तळहाताएवढा भाग काही भरेना. शेवटी मांडीची कातडी काढून तिथे लावावी लागली. तिची सबमिशन्स राहिली, एक ऑरल हुकली. तिची आई गावाहून आली, पंधरा दिवस इथे राहिली आणि एकदाही मला काही बोलली नाही. "तू होतीस म्हणून बरं झालं गं बाळा," एवढंच. ते मला फार लागलं. म्हणून मी वाचायला बसले. तो अर्ध्या तळहाताएवढा तुकडा वाचला असता का, एवढंच मला पाहायचं होतं.

सुरुवात मला येतं तिथून केली, म्हणजे हीट ट्रान्सफरपासून. एखाद्या थरातून उष्णता पसरायला लागणारा वेळ साधारण काढायचा असेल तर जाडीचा वर्ग करायचा आणि त्याला थर्मल डिफ्युझिव्हिटीने भागायचं. कातडीत पाणीच पुष्कळ असल्यामुळे तिची डिफ्युझिव्हिटी पाण्याच्या जवळपास असते, सेकंदाला सुमारे ०.१ चौरस मिलिमीटर. कातडी २ मिलिमीटर धरली तर ४ भागिले ०.१, म्हणजे ४० सेकंद. थोडक्यात, गरम वस्तू दूर झाल्यावर एक-दोन मिनिटांत कातडी बऱ्यापैकी निवलेली असते. मोजा पायात असेल तर गोष्ट वेगळी. लोकरीत अडकलेलं गरम पाणी म्हणजे पायाला बांधलेली हीट बँकच. म्हणून ओला कपडा लगेच काढायचा. चिकटला असेल तर ओढायचा नाही, आजूबाजूने कापायचा.

भाजायला किती वेळ लागतो हेही इंजिनीअरच्या भाषेत लिहून ठेवलेलं आहे! अमेरिकेत मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघांनी १९४७ साली डुकराच्या आणि माणसाच्या कातडीवर प्रयोग केले. ४४ अंश सेल्सिअसला कातडीचं कायमचं नुकसान व्हायला सुमारे ६ तास लागतात. तिथून पुढे ५१ अंशांपर्यंत दर एका अंशाला नुकसानीचा वेग साधारण दुप्पट होतो. ६० अंशांना काम ५ सेकंदांत होतं आणि ७० अंशांना एका सेकंदाच्या आत. हेन्रिक्सने यावर चक्क आऱ्हेनियसचं समीकरण बसवलं, तेच ते आपल्या फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीतलं. त्यातला सुरुवातीचा गुणक आहे ३.१ गुणिले १० चा ९८ वा घात. आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वातले अणू १० च्या ८० व्या घाताच्या आसपास धरतात, यावरून अंदाज करा. एवढा राक्षसी आकडा आणि तितकीच मोठी ॲक्टिव्हेशन एनर्जी समोरासमोर असल्यामुळेच एकेका अंशाला इतका फरक पडतो. आंघोळीचं पाणी "जरा जास्त तापलं" तर त्या "जरा"चा अर्थ हा असा आहे.

पण माझी अडचण इथूनच सुरू झाली. उष्णता जर एक-दोन मिनिटांत निघून जाते, तर प्रथमोपचारात २० मिनिटं वाहतं पाणी का सांगतात? आणि भाजल्यानंतर ३ तासांपर्यंत उशीर झाला तरी ते करा, असं का म्हणतात? तीन तासांनी कातडीत कुठली उष्णता उरणार? माझ्या समीकरणाप्रमाणे हे पाणी वाया जायला हवं.

प्रत्यक्षात ते वाया जात नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये भाजलेल्या २,४९५ मुलांच्या नोंदी तपासून २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना २० मिनिटं वाहत्या थंड पाण्याचा उपचार मिळाला होता, त्यांना कातडी लावावी लागण्याची शक्यता ४० टक्क्यांहून अधिक कमी निघाली. हे वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि अर्धा तास टेरेसवर जाऊन बसले. असो.

उत्तराचा धागा एका इंग्रज सर्जनकडे सापडला. बर्मिंगहॅमच्या डग्लस जॅक्सन यांनी १९५३ साली भाजलेल्या जखमेचे तीन पट्टे सांगितले. मधोमध असतो तो जळून गेलेला भाग. तिथली प्रथिनं उकडलेल्या अंड्यासारखी गोठलेली असतात, ती परत येत नाहीत. सगळ्यात बाहेर असतो लालबुंद पट्टा, तिथे रक्तप्रवाह उलट वाढलेला असतो आणि तो भाग आपोआप बरा होतो. या दोघांच्या मध्ये एक पट्टा असतो, त्याचं नाव झोन ऑफ स्टॅसिस. आपण त्याला अडकलेला पट्टा म्हणू. इथल्या पेशी जिवंत असतात, पण बारीक रक्तवाहिन्या बिघडलेल्या असतात. त्या गळतात, सुजतात, त्यांत गुठळ्या होतात. हा पट्टा पुढच्या एक-दोन दिवसांत एक तर वाचतो, नाही तर मरतो. मेला तर वरवरची वाटणारी जखम खोल होते. तुम्ही कधी पाहिलं असेल, पहिल्या दिवशी "फार नाही भाजलं" म्हणतात आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचा चेहरा बदललेला असतो. त्याचं कारण हा मधला पट्टा.

या पट्ट्याचं भवितव्य ज्या जागी ठरतं त्यांत तंतुकणिकांचा वाटा फार मोठा आहे. आता त्या पॉवरहाऊसच्या आत जाऊ या.

तंतुकणिकेला दोन आवरणं असतात. आतल्या आवरणावर प्रथिनांची एक साखळी असते. अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन या साखळीवरून हातोहात पुढे जातात आणि शेवटी ऑक्सिजनला दिले जातात. आपण श्वास घेतो तो मुख्यतः या शेवटच्या पायरीसाठी! इलेक्ट्रॉन पुढे सरकताना जी ऊर्जा सुटते तिने प्रोटॉन आवरणाच्या बाहेर ढकलले जातात. बाहेर प्रोटॉनची गर्दी आणि आत कमतरता, म्हणजे धरण भरल्यासारखं झालं. हे प्रोटॉन ज्या वाटेने परत येतात तिथे एटीपी सिंथेज नावाचं एक यंत्र बसवलेलं असतं. त्याला खरोखरचा रोटर आणि स्टेटर आहे, उपमा म्हणून सांगत नाही. तो मिनिटाला काही हजार फेरे फिरतो आणि एटीपी बनवतो, जे पेशीचं चलन आहे. धरणाची ही कल्पना पीटर मिचेल यांची, त्यांना १९७८ साली नोबेल मिळालं. यंत्र कसं चालतं ते सांगणाऱ्या पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना १९९७ साली.

इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी एक आकडा. या आवरणावर सुमारे १५० मिलिव्होल्टचा फरक असतो. ऐकायला काहीच नाही. पण आवरणाची जाडी ५ नॅनोमीटरच्या आसपास आहे. भागाकार करा, मीटरला ३ कोटी व्होल्ट येतात. मीटरला ३० लाख व्होल्टला कोरडी हवा फुटून ठिणगी पडते. म्हणजे त्याच्या दहापट ताण आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत शेकडो ठिकाणी, शांतपणे, इन्शुलेशन न फाटता उभा आहे. मला हे वाचून दोन दिवस झोप नीट लागली नाही. (परीक्षेमुळेही असेल.)

आता अडकलेल्या पट्ट्यातल्या पेशीचा विचार करा. रक्त कमी येतंय, म्हणजे ऑक्सिजन कमी येतोय. साखळीच्या शेवटी इलेक्ट्रॉन घ्यायला कोणी नाही. मागे ट्रॅफिक जाम होतो. साठलेले इलेक्ट्रॉन मध्येच कुठेतरी, विशेषतः साखळीच्या पहिल्या आणि तिसऱ्या संकुलापाशी, चुकीच्या पद्धतीने ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड नावाचा तिखट पदार्थ तयार होतो. गंमत म्हणजे रक्तप्रवाह परत सुरू झाला की ऑक्सिजन एकदम येतो आणि या तिखट पदार्थाचा लोटच उठतो. तो आवरणातल्या चरबीला, प्रथिनांना, तंतुकणिकेच्या स्वतःच्या डीएनएला इजा करतो. त्यातच कॅल्शियम आत शिरतं. ताण फार वाढला की आतल्या आवरणात एक छिद्र उघडतं, धरण फुटतं आणि ते १५० मिलिव्होल्ट शून्यावर येतात.

यानंतर जे होतं ते आपल्या इलेक्ट्रिकल मशिन्सच्या लॅबमध्ये शिकवायला हवं. जनरेटरचा प्राइम मूव्हर बंद पडला आणि तो ग्रिडला जोडलेलाच राहिला, तर तो मोटर होऊन उलट ग्रिडमधून करंट खायला लागतो. एटीपी सिंथेज नेमकं हेच करतं. धरण रिकामं झालं की रोटर उलटा फिरतो आणि पेशीत उरलंसुरलं एटीपी जाळून प्रोटॉन बाहेर ढकलायला लागतो. पॉवरहाऊसच घर खातं! जनरेटरला यासाठी रिव्हर्स पॉवर रिले बसवतात. पेशीतही तसा रिले आहे. आयएफ-१ नावाचं एक छोटं प्रथिन असतं. ऑक्सिजन तुटून पेशी आंबट होऊ लागली की ते यंत्रात जाऊन अडकतं आणि उलटं फिरणं रोखतं. हा रिले कोणी डिझाइन केला असेल, या प्रश्नाला आमचे सर "उत्क्रांती" एवढंच म्हणाले आणि हजेरी घ्यायला लागले.

मरण्याच्याही दोन तऱ्हा आहेत. तंतुकणिकेतून सायटोक्रोम-सी नावाचं प्रथिन बाहेर गळलं की पेशी शिस्तीत मरते. स्वतःचे तुकडे करून, नीट पुड्या बांधून, शेजाऱ्यांना त्रास न देता. पण या शिस्तीलाही एटीपी लागतं. एटीपी पार संपलं असेल तर पेशी फुगून फुटते आणि आतला सगळा पसारा बाहेर सांडतो. त्या पसाऱ्यात तंतुकणिकांचे तुकडे असतात आणि ते फार भानगडीचे असतात.

का? तर तंतुकणिका हे मुळात जीवाणू होते. दीड-दोन अब्ज वर्षांपूर्वी ते दुसऱ्या पेशीत शिरले आणि भाडेकरूचे घरमालक झाले. ही कल्पना लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली नेटाने मांडली तेव्हा तिला बराच विरोध झाला होता. तंतुकणिकेचा डीएनए अजूनही जीवाणूसारखा गोल आहे, १६,५६९ अक्षरांचा, त्यात ३७ जनुकं, आणि तो आपल्याला फक्त आईकडून मिळतो. तर हे तुकडे रक्तात गेले की आपल्या पांढऱ्या पेशींना वाटतं जीवाणूंचा हल्ला झाला. २०१० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मोठ्या अपघातातल्या जखमींच्या रक्तात हे तुकडे दाखवले आणि न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी त्यांनी कशा भडकतात तेही दाखवलं. एकही जंतू नसताना अंगात जंतुसंसर्गासारखी आग उसळते, त्याचं एक कारण हे. भडकलेल्या न्यूट्रोफिल अडकलेल्या पट्ट्यात शिरून आणखी तिखट पदार्थ सोडतात, आधीच बारीक झालेल्या वाहिन्या आणखी तुंबवतात. एक पेशी फुटली की शेजारची धोक्यात, असं ते पसरतं.

आता २० मिनिटांकडे परत येते. आजीच्या गावी मी लहानपणी लोडशेडिंग पाहिलंय. वीज कमी पडली की पुरवठा वाढवता येत नाही, मग मागणी कमी करायची. पेशीचं तापमान १० अंशांनी उतरलं की तिची ऑक्सिजनची मागणी साधारण निम्म्यावर येते. नळाचं गार पाणी त्या अडकलेल्या पट्ट्याचं लोडशेडिंग करतं. इलेक्ट्रॉनचा जाम कमी, तिखट पदार्थ कमी, एटीपी पुरवून पुरवून वापरलं जातं. शिवाय सूज आणि दाह कमी होतात, वेदना कमी होतात. म्हणजे पाण्याचं काम पहिल्या मिनिटानंतर संपत नाही. माझ्या समीकरणाने फक्त उष्णता मोजली होती, त्या उष्णतेनंतर जिवंत राहिलेल्या पेशींचा खर्च नव्हता मोजला.

याच हिशोबाने बर्फ का नको तेही कळतं. बर्फाने वाहिन्या आवळतात. ज्या पट्ट्यात आधीच रक्ताची मारामार आहे तिथे आपण उरलेला नळही बंद करतो. टूथपेस्ट, तूप, हळद, शाई, यांनी मागणीही कमी होत नाही आणि पुरवठाही वाढत नाही. वरून जखम झाकली जाते, डॉक्टरांना खोली दिसत नाही, ते काढताना कातडी निघते. आणि एक सावधगिरी. भाजलेला भाग मोठा असेल, किंवा लहान मूल असेल, तर फक्त भाजलेला भाग पाण्याखाली धरायचा आणि बाकी अंग पांघरुणात गुंडाळायचं, नाही तर सगळं शरीरच थंड पडतं. स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का, या मापाने अंदाज घेता येतो.

आगीत सापडलेल्या माणसाची गोष्ट आणखी वेगळी. फोम, नायलॉन असल्या वस्तू जळल्या की धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर सायनाइडही असतं. सायनाइड त्या साखळीच्या शेवटच्या पायरीवरच जाऊन बसतं. रक्तात ऑक्सिजन भरपूर आणि तंतुकणिकेला तो घेता येत नाही. त्यावर हायड्रॉक्सोकोबालामिन हे औषध देतात, जे व्हिटॅमिन बी-१२ चंच एक रूप आहे. ते सायनाइडला पकडून लघवीवाटे बाहेर नेतं.

आता भरून येण्याची बाजू. इथे माझी एक मोठी समजूत चुकीची निघाली. मला वाटत होतं तो तिखट ऑक्सिजन म्हणजे नुसता व्हिलन. २०१४ साली सू आणि चिझम या दोघांनी एक मिलिमीटर लांबीच्या सी. एलेगन्स नावाच्या किड्याच्या कातडीला सुई टोचून पाहिलं. टोचल्याबरोबर कॅल्शियम वाढतं, ते तंतुकणिकेत शिरतं, तंतुकणिका मोजून मापून थोडा तिखट ऑक्सिजन सोडते आणि तो जखमेच्या कडा आवळायचा हुकूम असतो. तो ऑक्सिजन दाबून टाकला तर जखम उशिरा बुजली! म्हणजे थोडा असेल तर निरोप, फार असेल तर आग. "अँटिऑक्सिडंट"चा शिक्का मारलेलं महागडं क्रीम घेण्याआधी मी आता दोनदा विचार करते.

दुसरा प्रयोग जर्मनीतला, २०२१ सालचा, उंदरांच्या जखमांवर. जखमेत सफाईला येणाऱ्या मॅक्रोफेज पेशी सुरुवातीला आणि नंतर वेगवेगळी कामं करतात, आणि दोन्ही वेळा तंतुकणिकांची भूमिका वेगळी असते. आधी त्यांच्या तिखट ऑक्सिजनच्या निरोपावर नवीन रक्तवाहिन्या फुटतात, नंतर त्यांच्या नीट चाललेल्या श्वसनावर दाह शांत होऊन डागडुजी सुरू होते.

खालच्या थरातल्या फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजन विणतात. त्याला ऑक्सिजन लागतो, व्हिटॅमिन सी लागतं आणि तंतुकणिकेच्या चक्रातून निघणारा अल्फा-कीटोग्लुटारेट नावाचा पदार्थही लागतो. वरची कातडी जखमेच्या कडांवरून आणि केसांच्या मुळांशी असलेल्या पेशींपासून सरकत सरकत येते. म्हणून वरवर भाजलं तर दोन-तीन आठवड्यांत काम होतं. खोल भाजलं तर केसांची मुळंच गेलेली असतात, मग फक्त कडा उरतात. माझ्या रूममेटच्या पायाचा तो तुकडा असा होता. तिला तिथे दुखतही नव्हतं आणि आम्हाला वाटत होतं हे चांगलं लक्षण आहे. दुखत नव्हतं कारण मज्जातंतूंची टोकंच जळाली होती.

मांडीवरून काढलेला कातडीचा काप ०.२ ते ०.४ मिलिमीटर जाडीचा असतो. तो पायावर ठेवला तेव्हा त्याला एकही रक्तवाहिनी जोडलेली नव्हती. पहिले एक-दोन दिवस तो खालून पाझरणाऱ्या द्रवावर जगतो. टिपकागदासारखा. ऑक्सिजन नुसत्या डिफ्युजनने मिळवायचा, आणि इथे परत तोच जाडीचा वर्ग येतो. जाडी दुप्पट झाली तर वेळ चौपट! खाली थोडं रक्त साठलं तरी अंतर वाढतं आणि काप गुदमरतो. दोन-तीन दिवसांनी खालच्या वाहिन्या वरच्या वाहिन्यांच्या तोंडाला तोंड जुळवतात. म्हणून पाय हलवायचा नाही, असं डॉक्टर रागावून सांगत होते. ती पाच दिवस पाय उशीवर ठेवून पडून होती आणि मला विचारायची, "काय गं, माझे मायटोकॉन्ड्रिया श्वास घेतायत का?" मी म्हणायचे, "घेतायत, तू हलू नकोस."

आणि दुखलं कुठे, तर मांडीला. कारण तिथे मज्जातंतू शाबूत होते.

हे सगळं पायाच्या एका तुकड्याचं. अंगाचा ४० टक्क्यांहून अधिक भाग भाजला तर सगळ्या शरीराच्याच तंतुकणिका वेगळ्या वागायला लागतात. शरीर भट्टीसारखं जळत राहतं, स्नायू झिजतात आणि हे वर्ष-दोन वर्षंही टिकतं. २०१५ साली दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की अशा रुग्णांची कातडीखालची पांढरी चरबी तपकिरी होऊ लागते. तपकिरी चरबीतल्या तंतुकणिकांत धरणाला मुद्दाम भोक पाडलेलं असतं. प्रोटॉन यंत्र न फिरवताच परत येतात आणि एटीपीऐवजी नुसती उष्णता निघते. बाळांना थंडीत हे उपयोगी पडतं, भाजलेल्या माणसाची मात्र लूट होते. म्हणून बर्न्स वॉर्ड गरम ठेवतात, प्रथिनं भरपूर देतात, आणि प्रोप्रॅनोलॉल हे हृदयाचं म्हणून ओळखलं जाणारं औषध भाजलेल्या मुलांची झीज कमी करतं, हे २००१ साली दिसून आलं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की भारतात दर वर्षी १० लाखांहून अधिक लोक मध्यम किंवा गंभीर भाजतात.

एवढ्या लोकांना स्वतःची कातडी पुरत नाही. त्यासाठी आपल्याकडे मुंबईत सायन हॉस्पिटलला आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरला स्किन बँक आहे. मृत्यूनंतर ६ तासांच्या आत कातडी दान करता येते. ती ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये ४ अंशांना ठेवली तर ५ वर्षांपर्यंत टिकते. ग्लिसरॉलमध्ये पेशी मरतात, तंतुकणिका बंद पडतात, म्हणून ही कातडी अंगात रुजत नाही. पण तेवढे दिवस ती झाकण होते. पाणी, प्रथिनं आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही, आणि तिच्याखाली रुग्णाच्या स्वतःच्या तंतुकणिकांना काम करायला वेळ मिळतो. हॉस्टेलमध्ये हे सांगितल्यावर तिघींनी फॉर्म कुठे मिळतो विचारलं, एकीने "ई" केलं.

माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला डॉक्टरांनीच दिलं. शेवटच्या ड्रेसिंगला मी धीर करून विचारलं, "सर, पाणी धरलं असतं तर हा तुकडा वाचला असता?" ते म्हणाले, "काही भाग मोज्याने तिथल्या तिथे गेला होता. काही भाग कदाचित वाचला असता." किती, ते मी विचारलं नाही. रूममेट शेजारीच बसली होती. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आता तू त्या 'कदाचित'वर पीएचडी करणार आहेस का?"

आमच्या मजल्यावरच्या बाथरूमच्या नळावर सध्या एक कागद चिकटवलेला आहे: मोजा-कपडा काढा, अंगठी-पैंजण काढा, २० मिनिटं नळाखाली, मग स्वच्छ कापड किंवा जेवणाचं पारदर्शक रॅप, मग दवाखाना. वॉर्डन मॅडमनी त्याचं लॅमिनेशन करून दिलं. खाली कोणीतरी पेनाने लिहिलंय, "टूथपेस्ट दातांना लावा." अक्षर माझ्या रूममेटचं आहे.

तिच्या पायावरचा तो तुकडा आता बाकी कातडीपेक्षा थोडा गडद आहे. तिथे घाम येत नाही, कारण घामाच्या ग्रंथी त्या पातळ कापाबरोबर येत नाहीत. म्हणून तो कोरडा पडतो आणि खाजतो. रोज रात्री जेवून आल्यावर ती कॉटवर पाय पसरते आणि खोबरेल तेल लावते. बाटली माझ्या कपाटात असते.